फ्रिजमधल्या किल्ल्या

शिकागोजवळच्या शॉमबर्गमध्ये एवढी मराठी पोरं असताना देवांग पंडितला आपलीच अनिका कशाला हवी, हा प्रश्न अपर्णाच्या डोक्यात शिरला तो सीमाकाकूंच्या जेवणाच्या टेबलावर, वांगीभाताचा दुसरा घास तोंडात असताना. तो घास तिने कसाबसा गिळला. पुढचा भात मात्र तिला काही गोड लागला नाही.

“एकपण डायलॉग नाही,” काकूंचा मुलगा देवांग म्हणाला होता. “ओन्ली बसायचं. आजी घर रिकामं करते आणि शेजारची मुलगी येऊन बसते. दॅट्स इट.”

“म्हणजे लीडच की!” राकेश म्हणाला. अपर्णाचा हा नवरा ऑफिसच्या मीटिंगमध्ये कसा वागत असेल देव जाणे, पण सिनेमाचं नाव काढलं की शाळकरी पोरासारखा हुरळायचा.

“लीड मी आहे रे,” सीमाकाकू म्हणाल्या आणि त्याच्या पानात आणखी भात वाढला. “आजीचं काम माझं. फुकटात मिळाले ना ह्याला.”

सगळे हसले. अनिका टेबलाखाली होती. पाच वर्षांची ती पोर बाहेर कुठेही गेलं की टेबल शोधायची आणि त्याखाली शिरायची, हे आता कुणाला नवीन राहिलं नव्हतं.

सीमाकाकू म्हणजे त्या गावच्या सगळ्यांच्या काकू. नवीन आलेल्याला विळी कुठे मिळते इथपासून बाळंतिणीला डिंकाचे लाडू कोण करून देईल इथपर्यंत सगळं त्यांना ठाऊक. पंडितकाका जाऊन सात वर्षं झाली होती. आता घर विकून त्या ॲन आर्बरला लेकीकडे निघाल्या होत्या. आणि घर विकायचं ठरल्याबरोबर हा मुलगा, जो आजवर दिवाळीलाही धड येत नव्हता, लॉस एंजेलिसहून उगवला होता. घर दुसऱ्याचं व्हायच्या आत त्याला इथे सिनेमा करायचा होता.

“आम्ही विचार करून सांगतो,” अपर्णा म्हणाली.

“आमच्याकडून हो!” राकेश म्हणाला, एकाच वेळी.

गाडीत बसल्यावर तिने विचारलं, “आन्याला का नाही विचारलं त्याने? ती कथक शिकते. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात तिच्या हातातून माईक काढून घ्यावा लागतो. तिला सोडून आपल्या पोरीला, जी...”

वाक्य तिने पुरं केलं नाही. त्या घरात ते वाक्य कुणीच पुरं करत नसे.

गोष्ट अशी होती, की अनिका घरात अखंड बोलायची. उठल्यापासून झोपेपर्यंत मराठीत, इंग्रजीत, स्वतःच्या बनवलेल्या तिसऱ्याच भाषेत. आणि उंबरठ्याबाहेर पाऊल पडलं की मिटायची. ऑगस्टमध्ये शाळा सुरू झाली तेव्हापासून वर्गात तिने एक शब्द उच्चारला नव्हता. बाई चांगल्या होत्या, समजून घेणाऱ्या होत्या, आणि अपर्णाला नेमकी त्याचीच धास्ती वाटायची. डिसेंबरात मीटिंग ठरली होती. शाळेच्या समुपदेशक बाईंनी ‘सिलेक्टिव म्यूटिझम’ असं एक नाव हलक्या आवाजात घेतलं होतं, आजारी माणसाच्या खोलीत बोलावं तसं. अपर्णाने मंडळात कुणालाही त्याचा पत्ता लागू दिला नव्हता. कुणाकडे गेलं की ठरलेलं असायचं: “अनिका, श्लोक म्हणून दाखव बरं काकूंना!” मग सगळी खोली गप्प होऊन पोरीकडे बघायची, अपर्णा मागून पाठीत हलकेच बोट टोचायची, “म्हण ना, कालच म्हटलास ना,” आणि पोर तिच्या ओढणीत तोंड खुपसायची. “लाजाळू आहे हो,” अपर्णा म्हणायची आणि विषय ढोकळ्यावर न्यायची.

एम.एस्सी. मायक्रोबायॉलॉजीला तिला एक सवय लागली होती: डोळ्याला जे स्वच्छ दिसतं ते आधी काचेखाली घालून बघायचं. देवांग पंडितलाही तिने काचेखाली घातलं.

मदतीला कांचन होती. पुण्याच्या हॉस्टेलवरची रूममेट, आता स्टेट कॉलेज नावाच्या गावात पीएच.डी. करत होती आणि तिथल्या बसची वाट बघताना रोज फोन करायची.

“अगं, लग्न जमवताना स्थळाची चौकशी करतो ना, तशी कर,” कांचन म्हणाली. “करिअर वाच त्याचं. ओळीने.”

अपर्णाने ओळीने वाचलं. ॲन आर्बरला इंजिनीअरिंगला गेला, तिसऱ्या वर्षी सोडलं. लॉस एंजेलिसला आधी नुसता निर्माता. स्वस्तातले भुताचे सिनेमे, बहुतेकांत एक तळघर आणि तळघरात एक मूल.

“मूल?” कांचन म्हणाली. “बघ बाई.”

मग एका गुन्हेगारी मालिकेचा लेखक, तोही चारजणांमधला एक. मग एकदम वडिलांवरचा सिनेमा. लेखक तोच, दिग्दर्शक तोच, पैसा उभा करणाराही तोच. कुठल्याशा महोत्सवात बक्षीस मिळालं, वर्तमानपत्रांत नाव आलं. आणि त्यानंतर पाच वर्षं काहीच नाही.

“काहीच नाही?”

“काही म्हणजे काही नाही.”

“म्हणजे आता भुकेला असणार,” कांचन म्हणाली. “आली गं माझी बस, ठेवते.”

एका मुलाखतीत त्याला कुणीतरी विचारलं होतं, तुमच्या सिनेमात लोक इतकं खरं कसं वागतात? तो म्हणाला होता, मी काही करत नाही, मी वाट बघतो. अपर्णाने ते वाक्य दोनदा वाचलं. वाट बघतो! मांजर भिंतीशी बसून काय करतं मग?

अनिका शाळेत असताना, दुपारी कपड्यांच्या घड्या घालता घालता तिने तो वडिलांवरचा सिनेमा बघितला. स्मृती गेलेला एक म्हातारा, काम करणारा नट गोरा अमेरिकन. ठीकच चालला होता. मग एका जागी पडदा काळा झाला आणि अंधारातून मराठीत आवाज आला: “माझी बॅग कुठाय? उशीर होतोय. मुलाला स्टेशनवर आणायला जायचंय.”

अपर्णाच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. हा आवाज तिच्या ओळखीचा होता. शॉमबर्गला आल्या वर्षी सीमाकाकूंच्या घरात, आतल्या खोलीतून तिने तो ऐकला होता. पंडितकाकाच ते. नट नव्हे, स्वतः पंडितकाका. ज्या माणसाला आपण कोण हेही उरलं नव्हतं त्याचा आवाज ह्याने धरून ठेवला आणि तिकीट लावून विकला. बापाला जो सोडत नाही तो माझ्या पोरीला सोडेल?

रात्रीपर्यंत तिचा नकार पक्का झाला होता. पण दुसऱ्याच दिवशी देवांगने फोन केला, घरी येऊन जातो म्हणाला, आणि घरी येणाऱ्याला नको म्हणायला तिची जीभ वळली नाही.

तो आला तेव्हा अनिका आपल्याच घरात टेबलाखाली गेली. चाळिशीचा, दाढीत पांढरे केस, पायांत एक काळा आणि एक निळा मोजा. टेबलाच्या दिशेने “हाय” म्हणाला आणि सोफा सोडून लांब, पार दाराशी, गालिच्यावर बसला. पिशवीतून हाताएवढं एक यंत्र काढलं. पोरीकडे त्याने मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही.

“तिला काही विचारायचं नाही का?” अपर्णाने विचारलं. “नाव, वय, शाळा?” लहान मूल दिसलं की हे तीन प्रश्न न विचारणारा मोठा माणूस तिने जन्मात पाहिला नव्हता.

“नाव माहीत आहे मला.”

अपर्णा खुर्ची ओढून टेबलाच्या आणि त्याच्या मध्ये बसली.

“मला घराचा आवाज पाहिजे फक्त,” तो म्हणाला. त्याचं मराठी अमेरिकेत वाढलेल्या मुलांचं होतं, अर्थ पोचायचा, अदब वाटेत गळायची. “तू रिलॅक्स हो, अपर्णा. प्रत्येक घर गप्प बसते तेव्हा डिफरंट साउंड येते. आम्ही शूटिंगला प्रत्येक खोलीत असं करतो. सगळे अर्धा मिनिट चूप. कोणी हलायचं नाही, बोलायचं नाही. तो रिकामा आवाज नंतर एडिटिंगला लागतो, मधल्या गॅप भरायला. रूम टोन म्हणतात.”

आणि त्याने यंत्र सुरू केलं. लाल ठिपका पेटला. फ्रिज घरघरत होता, हीटर मध्येच उसासा टाकत होता. अपर्णा त्या लाल ठिपक्याकडे टक लावून बसली. रिकामा आवाज न्यायला कुणी घरात येतं? आपण ह्याला काय काय ऐकू दिलं?

तो गेल्यावर तिने मीठ-मोहऱ्या घेऊन अनिकाची दृष्ट काढली. अमेरिकेत दृष्ट काढायची म्हणजे दोन माणसांचं काम. तिने तव्यावर मोहऱ्या टाकल्या, चुलीवरचा पंखा फुल केला, खिडकी उघडली, आणि स्मोक अलार्म वाजू नये म्हणून राकेश त्याच्याखाली उभा राहून उशीच्या खोळीने वारा घालत राहिला.

“दृष्ट त्याची काढ,” राकेश म्हणाला. “तू ज्या नजरेने बघत होतीस ना त्याच्याकडे!”

“आई,” अनिका मध्येच म्हणाली, “तो दादा आपल्या फ्रिजचा आवाज घेऊन गेला!” तिचे डोळे चमकत होते. मग ती तोंडावर बोट ठेवून खोलीच्या मधोमध उभी राहिली. “आता सगळे चूप. रूम टोन.” आणि थोड्या वेळाने, स्वतःच: “मी जाणार त्या दादाकडे. मला जायचंय.”

जी मुलगी वाढदिवसाच्या पार्टीला जाताना गाडीचा पट्टा घट्ट धरून बसायची, ती ‘जायचंय’ म्हणत होती. राकेशने अपर्णाकडे नुसतं पाहिलं. डिसेंबरची मीटिंग दोघांच्या मध्ये तव्याच्या धुरासारखी उभी होती.

अपर्णाने अटी घातल्या. मी सतत तिथे असेन. ती असेल त्या खोलीचं दार बंद व्हायचं नाही. तिच्याकडून कुणी काही वदवून घ्यायचं नाही. देवांग प्रत्येक अटीला “शुअर” म्हणाला. इतक्या पटकन हो म्हणणारा माणूस एक तर भोळा असतो किंवा त्याला हवं ते अटींच्या बाहेर असतं. भोळा तर तो दिसत नव्हता.

शूटिंग म्हणजे गर्दी, दिवे, कोणीतरी ओरडतंय असं काहीतरी तिच्या मनात होतं. प्रत्यक्षात सीमाकाकूंच्या घरात पाच-सहा माणसं, मोज्यांवर चालणारी. सगळ्यांचे बूट दाराशी ओळीने, कारण काकूंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, “ऑस्कर मिळणार असलं तरी बूट बाहेर.” काकू जमिनीवर बसून खरोखरच स्वतःचे डबे खोक्यांत भरायच्या आणि कॅमेरा ते बघत राहायचा. अनिका पायरीवर बसायची. कुणी तिच्याशी लाडे लाडे बोलत नव्हतं, कुणी गालगुच्चा घेत नव्हतं. ह्याचंसुद्धा अपर्णाला नवल वाटलं, आणि मग त्या नवलाचा संशय आला.

आवाजाचं काम बघणारी नीना नावाची मुलगी होती, शिकागोतच जन्मलेली, डोक्यावर मोठे हेडफोन, मराठीचा गंध नाही. पहिल्या सकाळी अपर्णाने तिला स्वयंपाकघरात शिरताना पाहिलं. नीनाने इकडेतिकडे बघितलं, फ्रिज उघडला, त्यात काहीतरी ठेवलं आणि फ्रिजचं बटण बंद केलं. अपर्णा मागोमाग गेली, दार उघडलं. दह्याच्या भांड्याशेजारी गाडीच्या किल्ल्यांचा जुडगा.

“हे काय?” तिने नीनाला धरलंच.

नीना हसली. फ्रिजची घरघर माईकमध्ये येते म्हणून तो बंद करावा लागतो, तिने सांगितलं. आणि घरी जाताना तो सुरू करायचं राहून गेलं तर लोकांचं दूध नासतं. म्हणून किल्ल्या आत. फ्रिज उघडल्याशिवाय घरी जाताच येत नाही.

युक्ती चांगली होती. अपर्णाला ती आवडलीसुद्धा, पण तसं तिने दाखवलं नाही. अनिकाने मात्र ते दाराआडून ऐकलं होतं. त्यानंतर ती दर थोड्या वेळाने स्वयंपाकघरात जाऊन फ्रिजच्या दाराला कान लावून यायची, किल्ल्या आत आहेत ना ह्याची खात्री केल्यासारखी. प्रत्येक सीन झाला की नीना हात वर करायची, “रूम टोन,” आणि मग जो जिथे असेल तिथे पुतळा. हातात कप असेल तर कप तसाच. अनिकाला हे फार आवडायचं. जगात पहिल्यांदाच तिच्याबरोबर सगळी मोठी माणसं गप्प होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी काकूंनी चहा केला. अपर्णा आलं किसत होती.

“बरं झालं गं, राकेशने वेळेत सांगितलं,” काकू म्हणाल्या. “नाहीतर देवू दुसऱ्याच कुठल्या मुलीला घेऊन बसला असता.”

किसणी थांबली. “काय सांगितलं राकेशने?”

“हेच गं. अनिका शाळेत बोलत नाही ते.” काकूंच्या लक्षात आलं, पण उशिरा. “मंडळाच्या पिकनिकला माझ्याशी बोलला तो. रडवेला झाला होता बिचारा. मी देवूच्या कानावर घातलं... अगं, तुला माहीत नव्हतं?”

म्हणजे तिचा संशय खराच होता. आन्याला का नाही विचारलं? कारण आन्या बोलते. ह्याला न बोलणारी हवी होती. शेजारची मुलगी, एकही डायलॉग नाही, ह्याने नुसती वाट बघायची. जे तिने सख्ख्या बहिणीलाही सांगितलं नव्हतं ते हा माणूस पडद्यावर मांडणार होता, आणि तिच्या स्वतःच्या नवऱ्याने ते त्याच्या हातात नेऊन दिलं होतं. राकेशचा हिशेब घरी गेल्यावर. तो कुठे पळून जात नव्हता.

आलं तसंच टाकून ती बैठकीच्या खोलीकडे निघाली. पोरीचा हात धरायचा, कोट चढवायचा, बाहेर पडायचं. एकही शब्द बोलायचा नाही, की सगळे बोलायचे, ते तिथे गेल्यावर ठरवू.

ती दारात पोचली आणि नीनाचा हात वर गेला. “रूम टोन.”

अपर्णाचा एक पाय खोलीत, एक बाहेर. सगळे थिजले. तीन दिवसांच्या सवयीने तीही थिजली, आणि मग स्वतःचाच राग आला. बोल ना, ती स्वतःला म्हणाली, बोल, मोड त्यांची शांतता. पण एवढी माणसं श्वास धरून उभी असताना तोंड उघडणं तिला जमेना. देवांग खोक्यांच्या आड उकिडवा बसला होता, खाली मान घालून. कॅमेरा बंद होता. वर ओ’हेअरला उतरणारं एक विमान लांबून गेलं आणि त्याची गुणगुण विरली. पायरीवर अनिका हनुवटी गुडघ्यांवर टेकून बसली होती. तिच्याकडे कुणीही बघत नव्हतं.

“नीना,” अनिका म्हणाली. “युअर कीज आर गेटिंग कोल्ड.”

स्वच्छ, रोजचा, घरातला आवाज. थोडा काळजीचा, एखादं बाळ थंडीत बाहेर राहिलंय असा.

कुणी वळलं नाही. कुणाची पापणी लवली नाही. नीनाचा हात वरच होता. अपर्णाने चौकट धरली. तिच्या घशात ‘बोलली! अगं बोललीस!’ एवढं येऊन ठेपलं होतं, आणि तेवढ्यात खोक्यांआडून देवांगने तिच्याकडे पाहिलं आणि मान हलवली. अगदी किंचित. नको. तिने त्याचं का ऐकलं, ते तिला नंतरही सांगता आलं नसतं. पण तिने ओठ मिटले.

“थँक्स,” नीनाने हात खाली घेतला. मग अनिकाकडे वळून, शेजारणीशी बोलावं तसं, “यू आर राइट. लेट मी चेक.” दोघी स्वयंपाकघरात गेल्या. फ्रिजचं दार उघडल्याचा आवाज आला आणि मागून अनिकाचा, “सी? आय टोल्ड यू.”

अपर्णाने देवांगला मागच्या डेकवर गाठलं. थंडी सणसणत होती आणि तिच्या अंगात स्वेटर नव्हता.

“तुम्हाला माहीत होतं.”

“हो.”

“म्हणून घेतलंत तिला.”

“हो,” तो म्हणाला. “खोटं का बोलू?”

तिने नकाराची तयारी केली होती. होकाराची नव्हती.

“मग ते पुसा,” ती म्हणाली. “आत्ता जे रेकॉर्ड झालं ते. माझ्यासमोर.”

तो कठड्याला टेकला. “अपर्णा, मी पाच वर्षं काही बनवलं नाही. बिकॉज माझ्याकडे एंड नसायचा. आज मिळाला. आजी घर सोडून जाते, सगळं ब्लॅक, आणि तो आवाज. तो माझा एंड आहे.”

“माहितीये मला. मी बघितलाय तुमचा सिनेमा. काकांचा आवाजही असाच काळोखात घातला होतात तुम्ही.”

मागे दार सरकलं. सीमाकाकू शाल घेऊन आल्या होत्या. ती त्यांनी अपर्णाच्या खांद्यावर टाकली.

“माईक मी धरला होता गं,” त्या म्हणाल्या. “अर्ध्या मंडळाला वाटतं पोराने बापाचा आवाज चोरला. ह्यांना काही विचारलं की घाबरायचे. ‘मी कोण सांगा बघू,’ म्हटलं की चेहरा पार पडायचा. येणारा जाणारा प्रत्येकजण तेच विचारायचा. आणि हा आला, माईक लावला, आम्ही सगळे अर्धा मिनिट चूप बसलो, तर हे बोलायला लागले. आपणहून. मुलाला आणायला स्टेशनवर जायचंय म्हणाले. मग आम्ही दोघं रोजच संध्याकाळी गप्प बसायला लागलो, माईक असो नसो.” त्यांनी नाक पुसलं. “ते गेल्यावर मीच म्हटलं, वापर. पण त्यांना विचारायचं राहिलं ते राहिलंच. कुणाला विचारणार आता?”



“अनिकाला विचारता येईल,” अपर्णा म्हणाली. तिचा आवाज आता चढा नव्हता. “पण आत्ता नाही. आत्ता विचारलं तर ती पुन्हा मिटेल. मोठी होईल, तेव्हा विचारायचं. तोवर तो आवाज तिचा आहे. ना तुमचा, ना माझा. पुसा.”

देवांगने एकदा आईकडे पाहिलं. मग आत गेला. अपर्णा त्याच्या मागे होतीच. नीना हेडफोन गळ्यात अडकवून किल्ल्या तळहातांत चोळत होती, त्या गरम करायच्या असल्यासारख्या, आणि अनिका समोर उभी राहून ते काम नीट होतंय का ते बघत होती.

“शेवटचा रूम टोन,” देवांग तिला इंग्रजीत म्हणाला. “काढून टाक.”

नीनाने आश्चर्याने वर पाहिलं. तिला त्याची किंमत कळत होती. तरी तिने यंत्र पुढे ओढलं, अपर्णाला दिसेल असं वळवलं आणि पुसलं. पडद्यावरची ओळ गेली. अपर्णाने सुस्कारा सोडला आणि सवयीने मनात म्हणाली, कशावरून दुसरीकडे नसेल?

“दुसऱ्या कार्डवरचं पण,” देवांग म्हणाला.

दुसरं कार्ड असतं हे अपर्णाच्या गावीही नव्हतं. त्याने सांगितलं नसतं तर तिला जन्मात कळलं नसतं. नीनाने तेही पुसलं. देवांगने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, परत लावला. “ओके,” तो सगळ्यांना म्हणाला. “नेक्स्ट सीन. आई, तो मोठा डबा परत वर ठेव.”

एवढंच. अपर्णाने अनिकाचा कोट हातात घेतला होता. तो तिने थोडा वेळ धरून ठेवला आणि मग खुंटीला परत अडकवला. सीन होईपर्यंत ती दाराशी उभी राहिली, डोळे उघडे ठेवून. नीनाने पुन्हा हात वर केला तेव्हा तिनेच सगळ्यांआधी श्वास धरला.

घरी जाताना अंधारून आलं होतं. गाडीत बसल्या बसल्या रोजचे प्रश्न तिच्या जिभेवर ओळीने उभे राहिले. आज कसं वाटलं? नीना आवडते? तू बोललीस ना तिच्याशी? अजून काय बोललीस? उद्या बोलशील? शाळेतून आणतानाही हेच चालायचं. आज कुणाशी बोललीस, बाईंनी काय विचारलं, तू काय सांगितलंस, का नाही सांगितलंस. घर येईपर्यंत ती विचारत राहायची आणि आरशातला तो चेहरा लहान लहान होत जायचा.

तिने प्रश्न गिळले. एकेक गिळला, आल्याच्या तुकड्यासारखा, घशाला चटका देत. हीटरची हवा येत होती. सिग्नलला गाडी थांबली. काचेवर वायपर एकदा फिरला. हीही एक खोलीच की, तिला वाटलं. हिचाही आवाज असेल.

सिग्नल सुटला. अजून ती गप्पच होती. तिने आरशात पाहिलं. अनिका तिच्याकडे डोळे बारीक करून बघत होती, अगदी अपर्णा बघायची तशी.

“आई.”

“हं?”

“तू काही विचारत का नाहीयेस?” अनिकाने सीटच्या खाली वाकून पाहिलं, मग खिडकीकडे, मग वरच्या दिव्याकडे. “कोण रेकॉर्ड करतंय?”

“कुणी नाही.”

“नक्की?”

“नक्की.”

पोरीने थोडा वेळ तो शब्द तपासून पाहिला. मग पट्ट्यात नीट मागे टेकली.

“शाळेत पण एक फ्रिज आहे,” ती म्हणाली. “बाईंचा. उद्या मी त्यांना किल्ल्यांचं सांगणार आहे.”

अपर्णाच्या तोंडाशी ‘खरंच सांगशील?’ आलं होतं. तिने ते येऊ दिलं नाही. दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून ती सरळ समोर बघत राहिली, आणि मागच्या सीटवरून फ्रिजमध्ये आणखी काय काय ठेवता येईल त्याची भलीमोठी, न संपणारी हकिकत सुरू झाली.